समोर येऊन रडायचं

३ नोव्हें. सोम.

घरी आले. साडेचार झाले असतील. कान अजून उघडले नाय.

रोजचं हाय हे. कंपनीतल्या पत्रा ठोकायच्या प्रेसवरून आलं की तासभर सगळं कापसातून येतं. सासूबाई दारात काहीतरी बोलल्या, मी मान हलवली. काय बोलल्या ठाऊक नाय. मान हलवली की भागतं.

माझी लेक आरू सतरंजीवर बसून ताटली आपटत होती. ताटली खाली येते, आवाज नाय. परत वर जाते, परत खाली, नाय. ऊन तिच्या केसांत. बघतच बसले. असं वाटतं पाण्याच्या तळाशी घर हाय आमचं अन् आम्ही सगळे मासे.

खरं सांगायचं तं मला आवडतो हा तास. कोणी काय मागत नाय. मागत असतील, मला येत नाय.

म्हणून ही वही काढली. आठवीनंतर एवढं कधी लिहिलं नाय. कान उघडेपर्यंत लिहायचं. उघडले की भाकऱ्या.

६ नोव्हें. गुरु.

अण्णा आले होते मालेगावहून, सकाळच्या एसटीनं. माझे वडील. मी कामावर, म्हणून दुपारभर आरूला मांडीवर घेऊन बसले. मी आले तं निघायच्या तयारीत. चहा पण उभ्यानं.

आरूला पैंजण आणले. घुंगरांचे. चौदा महिन्यांची झाली, पाय मोकळे कशाला म्हणे.

अण्णांचे कान नाय. सगळा जन्म यंत्रमागावर गेला, मागानं कान घेतले. मी विचारलं, तुम्हाला घुंगरू वाजतात का नाय ते कसं कळलं. माझ्या ओठांकडं बघून हसले. पैंजण हनुवटीच्या हाडाला लावून हलवून दाखवला. "हाडले समजस." हाडाला कळतं म्हणे. मोठ्यानं बोलतात, सगळ्या चाळीला ऐकू गेलं. सोनाराच्या दुकानात पण असंच केलं असणार. सोनार काय म्हणला असंल देव जाणे.

८ नोव्हें. शनि. सुट्टी

आज कान उघडे. सकाळपासून ऊन, गोधड्या वाळत घातल्या. आरू भिंत धरून चालते. चार पावलं, धप्प.

एकच. सोनारानं अण्णांना फसवलं. घुंगरू वाजतच नाय.

आमच्या ह्यांना म्हणलं, व्हॅन धूत होते बाहेर (शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतात हे). म्हणलं, बघा, बहिऱ्या माणसाला बघून मुके घुंगरू दिले. हे हात पुसत आत आले. आरू आमच्यामधून गेली, भिंतीपासून पिंपापर्यंत. हे तिच्या पायाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"वाजतात की, वैशाली."

मी म्हणलं बारीक वाजत असतील.

"छुनछुन वाजतात. पलीकडं पण जात असंल."

मी गोधड्या उलट्या करायला गेले.

९ नोव्हें. रवि.

लिहायचं नव्हतं. लिहिते.

मी सहा वर्षांची असंल. अण्णा अंगणात सायकलची चैन बसवत होते, माझ्याकडं पाठ. माझ्या पायात काच गेली. मी मागं उभी राहून रडले. लय रडले. रक्त. अण्णांनी चैन बसवली, पायडल फिरवून बघितलं, परत काढली. मला वाटलं अण्णांना मी नको हाय.

मग मी लंगडत त्यांच्या पुढं गेले. बघितल्याबरोबर हातातली सायकल टाकली, तेलाच्या हातानं उचलून दवाखान्यात पळाले, चप्पल न घालता.

तेव्हापासून आमच्याकडं तीच रीत. रडायचं असंल तं समोर येऊन रडायचं. पाठीमागं रडून उपयोग नाय.

१२ नोव्हें. बुध.

कंपनीत नोटीस लागली. पुढच्या बुधवारी कान तपासणीची गाडी येणार. प्रेस शॉपच्या सगळ्या बायका, चौदा जणी.

डबा खाताना नुसती तीच चर्चा. जयश्री म्हणाली, तिच्या नणंदेच्या कंपनीत तपासणी झाली अन् ज्यांचे कान उतरले त्यांना ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आम्ही पण ठेकेदाराच्याच.

सिंधूताई शेजारी बसली होती. तिला अर्धं ऐकू येतं अर्धं अंदाजानं, आम्हाला सगळ्यांना ठाऊक हाय, कोणी बोलत नाय. तिनंच मला काम शिकवलं. पहिल्या दिवशी शिकवलं ते हे: कानातलं केशरी बुच डाव्या कानात घाल, उजवा मोकळा ठेव. दोन पत्रे एकदम बसले की प्रेसचा ठोका जड होतो, तो ऐकायला एक कान लागतो, नाय तं डाय, म्हणजे साचा, फुटंल नाय तं बोट जाईल. सगळ्या तसंच करतो. उजवं बुच दोरीनं गळ्यात लोंबतं. जयश्री त्याला दुसरं मंगळसूत्र म्हणते. साहेब लोक आले की दोन्ही घालायचे, गेले की एक काढायचं.

ताईनं हळूच विचारलं, वैशे, त्या गाडीत काय करतात गं.

मी कुठं गेलेय कधी.

१७ नोव्हें. सोम.

सासूबाईंनी लसणाचं तेल कोमट करून कानात घातलं. कूस बदलून पडले होते. तेल आत उतरताना लांब कुठंतरी माग चालू झाल्यासारखं झालं. आमच्या गल्लीतले. लहानपणी तो आवाज म्हणजे आवाजच नव्हता, हवा होती. लग्न होऊन इथं आले तं इथल्या शांततेनं डोळा लागेना.

तेल पुसलं तरी माग थांबला नाय. खटक-खटक नाय आता, नुसता बारीक ओढलेला सूर, सुतासारखा. या कानातून त्या कानात.

पडल्या पडल्या डोळा लागला. माझ्या कानातून सूत निघतंय अन् आरू ते हातावर गुंडाळतीये. गुंडाळता गुंडाळता तिचं तोंड हलतंय. काय म्हणतीये ते सुतात गेलं.

१९ नोव्हें. बुध.

झाली तपासणी. पास.

पांढरी गाडी, आत काचेची खोली, जाड दार. दार लावलं तं विहिरीच्या तळाशी गेल्यागत. इतकं शांत मी कुठंच ऐकलं नाय. माझा माग तेवढा चालू, सूंऽऽ. मशीनवाली मॅडम तरुणच, काचेच्या बाहेर बाजूला तोंड करून बसलेली. डोक्यावर ते मोठे कान चढवले, हातात बटण. "बारीक टीं आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक."

मी बसले. काय नाय. मॅडमचा खांदा हलला. काय नाय. परत हलला, इतकुसा, सुपारीएवढा. तेव्हा कळलं. आवाज सोडताना तिचं बोट दाबतं अन् खांद्याला कळतं.

मागावरच्या माणसाची पोर मी. आमच्या घरात पापणी हलली तरी बोलणं असतं. तिच्या खांद्यावर डोळा ठेवला अन् दाबत गेले. मधेच एक-दोन सोडले मुद्दाम, सगळेच बरोबर आले तं संशय येईल.

बाहेर आले अन् सिंधूताईला सांगितलं. खांद्याकडं बघ. ताईनं जयश्रीला. पुढं सगळ्यांना.

चौदाच्या चौदा पास. गाडी गेल्यावर मी खूप हसले. हसू थांबेना, मग पोटात दुखलं.

२५ नोव्हें. मंगळ.

आज आहेर सरांनी (सुपरवायझर) सगळ्यांना उभं करून सांगितलं, आपल्या शॉपचे कान एक नंबर. टाळ्या वाजवल्या.

मग म्हणाले, तुकडे उडवायला जी हवा सोडतो ना, तिची शिट्टी लय मोठी, ती बंद करायला नवीन तोंड बसवायचं चाललं होतं, प्रेसला बाजूनं पेटीपण करायची होती. वरच्यांनी रिपोर्ट बघितला. कोणाला काय झालंच नाय तं कशाला. पुढच्या वर्षी बघू.

अन् मला म्हणाले, वैशाली, तुझे कान सगळ्यांत चांगले निघाले, तू सात नंबरवर जा. तिथं ऐकणारं माणूस लागतं.

सात नंबर म्हणजे सगळ्यांत मोठा प्रेस.

म्हणजे मीच घातला धोंडा. चौदा जणींच्या पायावर.

२८ नोव्हें. शुक्र.

सात नंबर. छातीत ठोका पडतो, दाढा हलतात. सुट्टी झाली तरी पावलं त्याच ठोक्यात पडतात, गेटपासून घरापर्यंत. रस्त्यावर धूळ, थंडी, बसस्टॉपच्या मागं सूर्य लाल. ट्रक शेजारून गेला, मऊ, ढगासारखा. मला तो वाऱ्यानं कळला.

आधी तासभर लागायचा कान उघडायला. आता जेवायची वेळ होते तरी नाय.

२ डिसें. मंगळ.

तांदूळ निवडत होते दाराकडं पाठ करून. सासूबाई अन् हे दोघंही घरात. एकदम एक ओला हात माझ्या हनुवटीला लागला. आरू. हनुवटी धरली अन् माझं तोंड आपल्याकडं वळवलं. मग तोंड उघडून म्हणली, "मम."

सासूबाई हसल्या. "बघ कशी शहाणी. मघापासून मागून ओरडत होती, तू बघेना, मग पुढून आली. दोन-तीन दिवस झाले असंच करती."

हे पण हसले. मग हसायचे थांबले.

मी पण असंच करायचे. हनुवटी धरून. अण्णांची दाढी टोचायची.

तिला कोणी शिकवलं नाय. चौदा-पंधरा महिन्यांचं लेकरू. तिला वाटत असंल सगळ्यांच्याच आया अशा असतात, वळवायला लागतात.

पंख्याखाली बसलेय. हातपाय गार पडलेत. पंखा चालू नाय.

४ डिसें. गुरु.

सिंधूताई वाचली.

माल न्यायची गाडी, पुढं दोन लोखंडी दाते असलेली, तिच्या मागून येत होती. ताई वाकून पेटीत तुकडे भरत होती. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी समोर होते, मला हॉर्न ऐकू आला नाय पण गाडीवाल्याचा हात दिसला, तोंड दिसलं. मी ओरडले. सात नंबर चालू, कोणाला जाणार. मग दोन्ही हात वर केले जसे अण्णांना करायचो. ताईनं मला बघितलं, मागं बघितलं. गाडीचे दाते तिच्या एप्रनला लागून थांबले. एप्रन फाटला. ताई तशीच उभी, पेटी धरून.

आहेर सर धावत आले. आधी गाडीवाल्यावर. तो म्हणला, "तीनदा हॉर्न दिला सर, विचारा कोणालाही."

सर ताईकडं वळले. "तुमचा रिपोर्ट एक नंबर आहे ना? ऐकू येतं ना? मग लक्ष कुठं होतं?"

ताईला मेमो दिला. निष्काळजीपणा असं लिहिलं. ताईनं अंगठा पुसून सही केली, तिला सहीच येते तेवढी.

ताईनं माझं नाव घेतलं नाय. डब्याच्या वेळेला एवढंच म्हणाली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, "तू बोलू नको हां. तुला लेकरू लहान हाय. माझं काय, दोन वर्षं राहिली."

तिनं स्वतःच्या डब्यातला ठेचा मला वाढला.

९ डिसें. मंगळ.

ह्यांना सगळं सांगितलं. खांदा, बटण, चौदा जणी, ताईचा मेमो.

हे समोर येऊन बसले, दिव्याकडं तोंड करून, म्हणजे मला ओठ दिसावेत. यांना पण कधी सवय लागली?

"काम सोड."

म्हणलं, अन् ताई? अन् मी सोडलं तं सात नंबरवर दुसरी येईल, तिचंपण लेकरू असंल.

"मग सांग जाऊन."

सांगितलं अन् काढलं तं?

हे म्हणाले, मला नाय माहीत. खरंच म्हणाले. आरू त्यांच्या मांडीवर झोपली होती, पाय लोंबत होते, पैंजण हलत होते.

१३ डिसें. शनि.

मालेगावला जाऊन आले, आरूला घेऊन. एसटीत आरू खिडकीला नाक लावून. चांदवडचा डोंगर येतो अन् बसतो तसाच बाजूला, हलत नाय, आपणच हलतो. मला वाटलं असंच बसून राहावं, कुठं पोचूच नाय.

अण्णा ओट्यावर. मी समोर बसून सांगितलं, थोडं तोंडानं थोडं हातानं. बटणाचं दाखवलं, खांद्याचं दाखवलं. मला वाटलं हसतील. लेकीची हुशारी.

हसले नाय. माझे दोन्ही कान तळहातांनी झाकले, बघत राहिले, मग सोडले. आधी हळू, मग नेहमीसारखं मोठ्यानं.

"मना कान कोन्ही मोजा नही. तुना मोजतस, अन् तू चोरी करस?"

त्यांचे कान कधी कोणी मोजलेच नव्हते. गल्लीतल्या दोघी थांबून बघायला लागल्या.

मी म्हणलं (हातानं) भीती वाटली.

अण्णांनी आरूला उचललं. ती लगेच त्यांची हनुवटी धरून वळवायला लागली. अण्णांनी ते बघितलं. माझ्याकडं बघितलं. तिचा हात हनुवटीवर तसाच दाबून धरला अन् डोळे मिटले.

निघताना आरूच्या हातात केळी दिली दोन.

१६ डिसें. मंगळ.

ती पांढरी गाडी शेजारच्या कंपनीच्या गेटपाशी दिसली. सुट्टी झाली होती, तशीच गेले, एप्रनवर.

मॅडम वायरी गुंडाळत होती. म्हणलं, मॅडम, माझा रिपोर्ट खोटा हाय. मी तुमच्या खांद्याकडं बघून दाबलं.

तिनं स्वतःच्या खांद्याकडं बघितलं. जसं काय तो तिचा नाय.

म्हणलं, मी सगळ्यांना शिकवलं. चौदाच्या चौदा खोटे हायेत.

मला वाटलं चिडंल. ती पायरीवर बसली अन् म्हणाली, "तरीच. प्रेस शॉप अन् सगळे कान इतके छान. मला शंका यायला हवी होती." मग म्हणाली, "तुम्ही समोर बघता येईल अशा बसलात ही माझी चूक."

मी विचारलं, गेलेलं परत येतं का?

सरळ बोलली. थकवा असतो तेवढा उतरतो. गेलं ते गेलं, राहिलं ते राखता येतं. ओठ सावकाश हलवत बोलली, मला सगळं कळलं, म्हणून जास्तच कळलं.

मग विचारलं बुच कसं घालता. मी दाखवलं. डाव्यात. अन् उजवा? म्हणलं, मोकळा, ठोका ऐकायला. सगळ्या? सगळ्या. तिनं डोक्याला हात लावला.

तिनं शिकवलं. बुच बोटांत वळून वातीसारखं बारीक करायचं. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर ओढायचा, सरकवायचं, अन् फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचं. मी इतके दिवस नुसतं तोंडाशी खोचत होते, देवळीत पणती ठेवल्यासारखं.

म्हणलं, पण मग जड ठोका कसा कळणार. ती म्हणाली ते तुम्ही सांगा, प्रेस तुम्हाला माहीत.

१७ डिसें. बुध.

दोन्ही कानांत बुच, नीट वळून. सात नंबर लांब गेला, डोंगरापलीकडं. मी घाबरले होते. तासाभरानं दोन पत्रे एकदम बसले. कानाला काय नाय. पण टाचेला कळलं. मनगटाला कळलं. पाय मागं आला आपोआप. प्रेस थांबवला, बघितलं, खरंच दोन.

हाडले समजस.

मग आहेर सरांकडं गेले अन् सांगून टाकलं. सगळं. म्हणलं सिंधूताईचा मेमो फाडा, तिला ऐकूच येत नाय, खोटं मी शिकवलं.

सर म्हणाले, "तुला कळतंय का काय बोलतेस? रिपोर्ट वर गेलाय." मग म्हणाले, "खाली मान घालून काम करायचं सोडून..." मग पुढचं मी बघितलं नाय. मी खरंच खाली बघितलं, म्हणजे ओठ दिसायला नको.

शेवटी असं ठरलं. मॅडमशी फोनवर बोलले ते. रविवारी सकाळी परत तपासणी, मी अन् ताई. शनिवारची सुट्टी मधे येते, कान निवलेले असतील. निकाल बुधवारी. तोवर आम्ही दोघींनी प्रेसवर यायचं नाय. निकालानंतर काय, म्हणलं. "बघू."

ताई रागावली नाय. गेटपर्यंत माझा हात धरून आली. नुसती. दोन वर्षं राहिली होती तिची.

१८ डिसें. गुरु.

कामावर नाय. कपाट आवरायला कंपनीत गेले तं डब्याची सुट्टी. कोणी सरकून जागा केली नाय. जयश्री सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे मला दिसंल असं, म्हणाली, "आधी शिकवायचं, मग चहाडी करायची. आमच्या घरी चूल काय हिचा बाप पेटवणार?"

खरंच हाय. शिकवलं मीच.

मी बुच काढून वळून दाखवायला लागले, असं घाला, कान वर ओढा. तिनं तोंड फिरवलं. बाकीच्या बघत होत्या. डब्यात बघितल्यासारखं करून बघत होत्या.

२० डिसें. शनि.

दोन दिवस आवाज नाय. घर हळूहळू पाण्यातून वर येतंय. सकाळी चिमण्या दिसल्या, तोंडं उघडत होत्या. थोडं काहीतरी होतं. मग वाटलं आपणच बनवतोय.

सूत चालूच हाय. बारीक झालंय.

२१ डिसें. रवि.

जाऊन आले.

या वेळी मॅडमनं खुर्ची उलटी ठेवली, भिंतीकडं तोंड. अन् मी वरून डोळे मिटले. मिटले नसते तं भिंतीच्या रंगात पण मला तिचा खांदा दिसला असता.

विहीर. सूं. मी अंगठा बटणावर ठेवला अन् थांबले. किती वेळ गेला कळेना. टीं सुटून गेली का अजून यायचीये, कळेना. आयुष्यात पहिल्यांदा अशी बसले, बघायला काय नाय, नुसतं वाट बघायची. मग एकदा आली. लांबून, पलीकडच्या गावातून आल्यासारखी. दाबलं. मग परत कितीतरी वेळ काय नाय. मग एक. डाव्यात जास्त, उजव्यात कमी. जेवढ्या आल्या तेवढ्याच दाबल्या. एकपण चोरली नाय.

मॅडमनं कागद झाकून ठेवला. बुधवारी.

बाहेर सिंधूताई पायरीवर. तिच्या मागं जयश्री उभी, अजून दोघी. जयश्रीनं माझ्याकडं बघितलंच नाय. तिच्या दोन्ही कानांत केशरी बुच होते. इथं रस्त्यावर कशाला, मॅडम म्हणली, काढा ते, आत ऐकायचंय.

आता दुपार. सासूबाईंना सांगून ठेवलंय, आरूला पैंजण घालून दाराशी उभी करा अन् सोडा, मला सांगू नका कधी सोडली. मी भिंतीकडं तोंड करून बसलेय, वही मांडीवर. कान निवलेले हायेत. उन्हाचा पट्टा पायापर्यंत आलाय.

अजून काय नाय.

सोडली असंल का. सासूबाई विसरल्या असतील.

बारीक काहीतरी हाय. माझ्या सुताचं हाय का तिच्या पायाचं, कळत नाय. थांबलं. परत हाय. हनुवटीला हात लागंपर्यंत मी मान वळवणार नाय